पोर्ट ऑफ स्पेनमधील परका पाहुणा : सावधपक्ष आणि परिचयपक्ष

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अवघ्या ११ किलोमीटरवर असलेले त्रिनिदाद आणि त्याच्या ईशान्येचे टोबॅगो ही दोन बेटे मिळून जो देश होतो, त्याची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन मराठी वाचकाला ठाऊक आहे ती मुख्यतः क्रिकेटमुळे. १९७१ च्या मार्च महिन्यात अजित वाडेकरांच्या संघाने येथील क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवले, दिलीप सरदेसाईंनी त्या सामन्यात शतक ठोकले, सुनील गावसकरांनी त्याच सामन्यात पदार्पण केले आणि पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर १२४ व २२० अशा दोन खेळ्या उभारल्या. २०२३ च्या जुलैमध्ये या दोन संघांमधला शंभरावा कसोटी सामनाही येथेच झाला. त्यामुळे संघामागोमाग जाणारे रसिक, जहाजावरचे अधिकारी, तेल आणि वायू व्यवसायातले अभियंते, तसेच अमेरिकेत स्थायिक झालेली आणि सुटीसाठी बेटांकडे वळणारी मराठी कुटुंबे यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, तो असा की ज्या शहराबद्दलच्या बातम्यांत गोळीबार, टोळ्या आणि आणीबाणी यांचाच भरणा असतो, तेथे परक्या माणसाने कसे वावरावे.

या प्रश्नाला सरळ भिडणाऱ्या दोन भूमिका आहेत आणि शास्त्रचर्चेच्या आपल्या जुन्या रीतीप्रमाणे त्यांना पक्ष म्हणणे सोयीचे होईल. शहराशी जेवढा कमी संबंध येईल तेवढा धोका कमी, असे मानणारा तो सावधपक्ष. आणि शहर जेवढे नीट कळेल तेवढा धोका कमी, असे मानणारा तो परिचयपक्ष. दोघांनाही पाहुणा सुखरूप परतायला हवा आहे, मात्र सुखरूप राहण्याची किल्ली कोणाच्या हातात असते, येथे त्यांचा मतभेद सुरू होतो.

सावधपक्ष : सुमारे १४ लाख वस्तीच्या या देशात २०२४ या एका वर्षात सहाशेहून अधिक खून झाले, म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे चाळिसाहून अधिक, भारतात हेच प्रमाण लाखामागे दोन-तीनच्या आसपास असते. त्या वर्षाच्या ३० डिसेंबरला सरकारने आणीबाणी पुकारली, ती एप्रिलमध्ये संपते न संपते तोच २०२५ च्या जुलैत पुन्हा पुकारावी लागली. ज्या सरकारला स्वतःच्या नागरिकांसाठी असा उपाय दोनदा योजावा लागतो, त्या देशाच्या राजधानीत चार दिवसांच्या पाहुण्याने शहर समजून घेण्याचा प्रयत्न करणे म्हणजे पोहता येत नसताना खोली मोजायला उतरणे होय. विमानतळावरून ठरलेल्या गाडीने हॉटेल, हॉटेलातून मैदान आणि मैदानातून परत, एवढाच मार्ग शहाणपणाचा आहे.

परिचयपक्ष : आकडे खरे आहेत आणि त्यांची भीषणता कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु सरासरी हा शब्द येथे दिशाभूल करतो. हे खून शहरभर सारखे पसरलेले नाहीत. ते ठरावीक वस्त्यांत, ठरावीक टोळ्यांच्या आपसांतल्या वैरातून होतात आणि मरणारे बहुतांशी त्याच वस्त्यांतले तरुण पुरुष असतात. आपण ज्या आणीबाणीचा दाखला दिला, तिच्यात पोलिसांना विना वॉरंट झडतीचे आणि अटकेचे अधिकार मिळाले, मात्र २०२४ अखेरच्या त्या आणीबाणीत संचारबंदी नव्हती. भारतीय वाचकाच्या मनात हा शब्द ऐकताच १९७५ उभे राहते, तसे चित्र तेथे नव्हते. २०२५ च्या मार्चमधला कार्निव्हल हा देशाचा सर्वात मोठा उत्सव त्या आणीबाणीतच पार पडला. पाहुण्याला सरासरीचा उपयोग नाही. कोणती गल्ली, कोणती वेळ, कोणते वाहन, हे त्याला कळायला हवे.

या मतभेदाचा निवाडा करण्याआधी शहराची रचना डोळ्यापुढे आणावी लागते. पोर्ट ऑफ स्पेन हे शहर म्हणून अगदी लहान आहे; २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत जेमतेम ३७ हजार लोक राहत होते, दिवसा मात्र कामासाठी येणाऱ्यांमुळे ते कित्येक पटींनी फुगते आणि कचेऱ्या सुटल्या की बंदराजवळचा मध्यभाग झपाट्याने ओस पडतो. दक्षिणेला पारियाचे आखात, उत्तरेला क्वीन्स पार्क सवाना हे विस्तीर्ण मोकळे मैदान, या दोहोंना जोडणारा फ्रेडरिक स्ट्रीट, पश्चिमेला वुडब्रुक आणि सेंट जेम्स, आणि पूर्वेला काँक्रीटने बांधून काढलेला एक ओढा, ज्याला तेथील लोक ‘ड्राय रिव्हर’ म्हणतात. या ओढ्यापलीकडे लाव्हेंटिलच्या टेकड्या चढू लागतात. अमेरिकेच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना ज्या भागांत जाण्यास मनाई केलेली आहे, त्यांत लाव्हेंटिल, बीथम, सी लॉट्स, पश्चिमेचे कोकोरिट, शार्लट स्ट्रीटचा दक्षिण भाग आणि सवानाचा अंतर्भाग यांचा समावेश होतो; यांतली बरीचशी ठिकाणे मध्यवर्ती बाजारपेठेपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, ही गोष्ट परिचयपक्षानेही विसरता कामा नये.

सावधपक्ष : म्हणजे आपणच मान्य करता की धोक्याची वस्ती आणि बाजारपेठ यांच्यात एका ओढ्याचे अंतर आहे. रस्ता चुकलेल्या पाहुण्याला ती सीमा कोण दाखवणार?

परिचयपक्ष : तेथील कोणीही दाखवतो, हेच तर म्हणणे आहे. दुकानदार, डबल्सवाला, गाडीचा चालक यांना विचारले असता ते कोणत्या कोपऱ्यापुढे जाऊ नये हे परखडपणे सांगतात, आणि ही माहिती कोणत्याही छापील नकाशापेक्षा ताजी असते, कारण टोळ्यांच्या हद्दी महिन्यामहिन्याला सरकतात. (डबल्स म्हणजे तळलेल्या दोन मऊ ‘बारां’मध्ये छोल्यांची उसळ घातलेला, भारतीय मजुरांच्या वंशजांनी घडवलेला पदार्थ, सकाळी त्याच्या गाडीभोवती कारकून, पोलीस आणि वकील एकाच रांगेत उभे असतात आणि मिरची किती हवी एवढेच विचारले जाते.) शिवाय लाव्हेंटिल ही नुसती धोक्याची वस्ती नव्हे. गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेल्या या टेकड्यांवर आणि त्यांच्या पायथ्याशी, गेल्या शतकाच्या चौथ्या आणि पाचव्या दशकांत, टाकाऊ डबे आणि तेलाची पिंपे ठोकून ठोकून त्यांतून सूर काढणारे स्टीलपॅन हे वाद्य जन्माला आले. ज्या देशाने २०२४ मध्ये कायद्याने त्याला राष्ट्रीय वाद्य ठरवले, त्या देशाची सर्वात मोठी देणगी या टेकड्यांची आहे, आणि पाहुण्याच्या मनात त्यांची ओळख केवळ नकाशावर लाल रंगाने रंगवलेला भाग एवढीच उरावी, हा अन्याय आहे.

सावधपक्ष : ज्या लाव्हेंटिलचा गौरव आपण करता, तिथल्याच ‘डेस्पराडोज’ या नामांकित वाद्यवृंदाला हिंसाचारामुळे टेकडीवरची सरावाची जागा सोडून खाली शहरात यावे लागले. ज्यांचा जन्म तेथला, ज्यांच्या प्रत्येक वादकाला गल्लीतला प्रत्येक जण ओळखतो, त्यांना परिचयाने वाचवले नाही. मग मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तो कसा वाचवणार?

हा सावधपक्षाचा सर्वात बळकट मुद्दा आहे आणि तो तसाच्या तसा मान्य करावा लागतो. परिचय म्हणजे अभय नव्हे. तथापि या उदाहरणाचा दुसरा अर्थही निघतो : वाद्यवृंद खाली आल्यावर त्याचा सराव ऐकायला लोक खाली येऊ लागले, म्हणजे स्थानिकांनीच आपली जागा बदलून सुरक्षिततेचा मार्ग काढला, आणि पाहुण्याने त्यांच्यामागे जाणे हेच श्रेयस्कर ठरते. सरावाच्या या अंगणाला तेथे पॅनयार्ड म्हणतात. जानेवारीपासून कार्निव्हलपर्यंत रात्री तेथे गर्दी असते, आणि स्थानिक यजमानासोबत पॅनयार्डमध्ये घालवलेली एक रात्र हॉटेलच्या खोलीतल्या दहा रात्रींपेक्षा शहराविषयी अधिक शिकवते. टेकडीवर एकट्याने छायाचित्रे काढायला जाणे मात्र शौर्य नसून अविचार आहे, विशेषतः ज्यांची घरे त्या छायाचित्रांत येतात त्यांच्या दृष्टीने.

सवाना हे दोन्ही पक्षांच्या वादाचे उत्तम उदाहरण आहे. सुमारे २६० एकरांच्या या मैदानाभोवतीच्या रस्त्यावर वाहतूक एकाच दिशेने फिरते. कडेला शहाळ्यांच्या आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, कुटुंबे आणि धावायला आलेली मंडळी दिसतात, पश्चिम बाजूला ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या हवेल्यांची ओळ उभी आहे. संध्याकाळी या कडेवर उजेड आणि माणसे आहेत. त्याच वेळी तेथून शे-दोनशे पावले आत गेले की अंधार आणि निर्जनता आहे. मैदान एकच, घटका एकच, आणि तरीही एक जागा वावरण्याजोगी तर दुसरी टाळण्याजोगी. यात भर अशी की विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे बाराही महिने संध्याकाळी पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार काळ टिकत नाही. महाराष्ट्रातल्या मे महिन्याच्या लांब संध्याकाळींची सवय असलेला माणूस फिरत राहतो आणि अचानक काळोखात सापडतो. फोर्ट जॉर्ज या टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यावरून आखात फार सुंदर दिसते, पण तेथे पर्यटकांना लुटल्याचे प्रकार घडले आहेत. तेव्हा तेथे जायचे तर दिवसाउजेडी, गटाने आणि गाडी थांबवून ठेवूनच.

सावधपक्ष : वाहनांचा विषय निघालाच आहे, तर तेथे तरी आपण तडजोड करू नये. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये टॅक्सी म्हणजे काय हेच पाहुण्याला ओळखता येत नाही, कारण ठरावीक मार्गावर चार-पाच उतारू घेऊन धावणारी ‘रूट टॅक्सी’ ही दिसायला साधी मोटार असते. परवाना असलेल्या भाड्याच्या गाडीचा क्रमांक ‘एच’ अक्षराने सुरू होतो, खासगी गाडीचा ‘पी’ने, आणि स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या गाडीचा ‘आर’ने. खासगी गाडी घेऊन बेकायदा भाडे मारणाऱ्यांना तेथे ‘पीएच’ म्हणतात आणि घाईच्या वेळी स्थानिक लोकही त्यांत बसतात. २०२१ च्या जानेवारीत न्यायालयात काम करणारी एक तरुणी कामावरून घरी परतताना टॅक्सी समजून एका मोटारीत बसली. त्या मोटारीवर ‘एच’ क्रमांकाची पाटी होती, पण ती बनावट होती. त्या तरुणीच्या हत्येने सारा देश रस्त्यावर उतरला. आता सांगावे, पाटी वाचायला शिकलेल्या पाहुण्याला त्या ज्ञानाचा काय उपयोग?

परिचयपक्ष : या प्रश्नापुढे मान खाली घालावी लागते. एकट्या पाहुण्याने, आणि विशेषतः एकट्या स्त्रीने, रस्त्यावर हात करून मोटारीत बसू नये, याबाबत या पक्षाचे दुमत नाही. हॉटेलने किंवा ओळखीच्या घराने फोन करून बोलावलेली गाडी, बसण्यापूर्वी पाटीचे छायाचित्र काढून कोणाला तरी पाठवण्याची तेथील स्त्रियांची सवय, आणि दिवसा प्रवास करायचा झाल्यास रंगीत पट्ट्यांच्या ‘मॅक्सी टॅक्सी’ म्हणजे प्रवासी व्हॅन, एवढे पुरेसे आहे. शहर आणि पश्चिमेकडच्या व्हॅनवर पिवळा पट्टा असतो, पूर्वेकडे जाणाऱ्यांवर तांबडा, मध्य-दक्षिणेच्या मार्गांवर हिरवा. सिटी गेट या जुन्या रेल्वे स्थानकातल्या तळावरून त्यांतल्या बऱ्याच सुटतात आणि भरगर्दीत, दिवसाउजेडी त्यांतून जाणे हा शहर पाहण्याचा स्वस्त आणि बरा मार्ग आहे. रात्री मात्र सिटी गेटचा परिसर पाहुण्याचा नव्हे.

येथे वाद जवळजवळ संपतो, कारण वाहन आणि वेळ या दोन बाबतींत सावधपक्षाचाच निर्णय मान्य करायला हवा. पण एक बाब उरते आणि तीच भारतातून जाणाऱ्या माणसाला सर्वात जवळची आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज उसाच्या मळ्यांसाठी भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचले आणि पुढील ७० वर्षांत आणखी जहाजे येत राहिली. ते लोक मुख्यतः भोजपुरी आणि अवधी मुलखातले होते आणि आज देशातले सुमारे ३५ टक्के लोक त्यांचे वंशज आहेत. सेंट जेम्समधल्या रस्त्यांना कलकत्ता, मद्रास, दिल्ली, लखनौ ही नावे आहेत आणि मोहरमच्या ताबुतांची ‘होसे’ नावाची मिरवणूक तेथूनच निघते. परिणामी मराठी माणूस तेथे दिसायला परका ठरत नाही. युरोपीय पर्यटकाकडे जशा नजरा वळतात तशा त्याच्याकडे वळत नाहीत. तो तोंड उघडेपर्यंत तेथलाच वाटतो.

परिचयपक्ष : हा पाहुण्याला फुकट मिळालेला आडोसा आहे, तो त्याने गमावू नये. गळ्यात कॅमेरा आणि हातात नकाशा घेऊन चौकात उभे राहण्यापेक्षा दुकानात शिरून रस्ता विचारावा, फोन खिशात ठेवावा, आणि ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्यावाचून कोणाशीही बोलणे सुरू करू नये, कारण तेथे अभिवादन न करता प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो.

सावधपक्ष : आडोसा दुधारी आहे. २००० नंतरच्या दशकात खंडणीसाठी अपहरणांची जी लाट आली, तिचे लक्ष्य बरेचदा भारतीय वंशाची व्यापारी कुटुंबे होती. स्थानिक सधन घरातला समजला जाणे हे नेहमी हिताचे नसते, विशेषतः अंगावर सोने असेल तेव्हा. म्हणून सोनसाखळी, बांगड्या आणि मोठे मंगळसूत्र भारतातच ठेवून जावे.

परिचयपक्ष : सोन्याबद्दल मान्य, आणि मंगळसूत्राबद्दलही, काळ्या मण्यांची साधी पोत घालणारीला कोणी अडवत नाही. परंतु ‘भारतीयांना त्या लोकांपासून धोका आहे’ असे जे बोलणे पाहुण्याच्या कानी पडते, ते मात्र सोबत घेऊन फिरू नये. भारतीय आणि आफ्रिकी वंशाच्या समाजांमध्ये राजकारणाने जोपासलेला जुना संशय आहे; भारतातून आलेला माणूस आपला म्हणून घरात घेतला जातो आणि त्याच घरात त्याला हा संशयही वाढला जातो. तो स्वीकारला की पाहुणा चुकीच्या माणसाला भितो, रस्ता सांगायला पुढे आलेल्या तरुणाला टाळतो आणि आपल्यासारखा दिसतो म्हणून भलत्याच्या गाडीत बसतो.

या शेवटच्या मुद्द्यावर परिचयपक्ष निःसंशय वरचढ आहे. त्रिनिदादमधली हिंसा वर्णाने समजत नाही. दक्षिण अमेरिकेतून उत्तरेकडे जाणाऱ्या अमली पदार्थांचा बेटावरून होणारा मार्ग, मुख्यतः अमेरिकेतून चोरून येणाऱ्या बंदुका आणि वस्त्यांमधल्या सरकारी रोजगार योजनांवर टोळीप्रमुखांनी मिळवलेला ताबा यांतून ती समजते. लाव्हेंटिलच्या आईला तिच्या मुलाची जी भीती वाटते, तिच्यापुढे पाहुण्याची भीती फार लहान आहे आणि त्याने ती योग्य मापातच बाळगायला हवी.

बाकीच्या काही गोष्टींवर वादाला जागाच नाही. सैनिकी गणवेशासारखे ठिपक्यांचे, ज्याला कॅमोफ्लाज म्हणतात ते कापड नागरिकांनी वापरणे तेथे कायद्याने गुन्हा आहे; सामन्याला जाणाऱ्या तरुणांच्या बॅगेत तशी विजार किंवा टोपी हमखास असते, ती घरीच राहू द्यावी. कार्निव्हलच्या सोमवारी पहाटे अंधारात सुरू होणाऱ्या ‘जूव्हे’ या चिखल आणि रंगांच्या मिरवणुकीत सामील व्हायचे तर दोरखंडाचे कडे आणि रक्षक असलेल्या पथकातूनच व्हावे. पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ८११ हे क्रमांक आहेत, आणि भारताचे उच्चायुक्तालय शहरातच आहे. आणि बंदुकीच्या चर्चेत जी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातून निसटते ती ही : भारत सरकारच्या पीतज्वराच्या, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या यलो फीव्हरच्या, धोक्याच्या देशांच्या यादीत त्रिनिदाद बेट आहे. तेथून परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल तर भारतातल्या विमानतळावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवता येते, आणि ते प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य होते. तेव्हा पुढच्या दौऱ्यासाठी ओव्हलचे तिकीट काढणाऱ्याने विमानतळावर न्यायला येणारी नोंदणीकृत गाडी आणि सरकारमान्य केंद्रातली लस, या दोन्हींची व्यवस्था निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी करून ठेवावी.